पापणीवरची गाठ त्याच जागी पुन्हा येते तेव्हा: पापणीच्या कर्करोगाचं निदान आणि उपचार

रांजणवाडी आपल्याकडे इतकी घरगुती आहे की तिच्यासाठी सहसा कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. लवंग उगाळून लावतात, गरम फडक्यानं शेकतात आणि बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत ती फुटते किंवा बसते. पापणीच्या आत न दुखणारी, मुगाएवढी किंवा वाटाण्याएवढी टणक गाठ येते, तिला डॉक्टर कलेझिऑन म्हणतात. ती विरायला एक-दोन महिने लागू शकतात. नाहीच विरली तर पापणी उलटून आतल्या बाजूनं छोटा छेद देतात आणि ती खरवडून काढतात. या गाठींमुळे कुणाच्या जिवाला धोका होत नाही. हा लेख ज्या थोड्या गाठी अगदी अशाच दिसतात पण आतून कर्करोग असतात, त्यांच्याविषयी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या पापणीवर, काढलेल्या गाठीच्याच जागी पुन्हा गाठ आली, तर तिचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे, गेलाच पाहिजे. पुन्हा मलम नको, पुन्हा नुसतं खरवडणंही नको.

आपल्याकडचा आजार वेगळा आहे

इंटरनेटवर पापणीच्या कर्करोगाविषयी शोधलं तर बहुतेक माहिती बेसल सेल कार्सिनोमा या कातडीच्या कर्करोगाची मिळते, कारण ती गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिलेली असते. तिथे पापणीच्या दहा कर्करोगांपैकी आठ-नऊ याच प्रकारचे असतात. तो सावकाश वाढतो, बहुतेकदा खालच्या पापणीवर किंवा नाकाकडच्या कोपऱ्यात येतो आणि शरीरात दुसरीकडे जवळजवळ कधीच जात नाही. यात खोटं काही नाही, पण हे वाचून आपल्याकडचा रुग्ण गाफील राहतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं २०१९ साली आपल्या पाचशेहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण तैलग्रंथींच्या कर्करोगाचे होते, बेसल सेलचे साधारण पाव आणि स्क्वेमस सेल या कातडीच्या दुसऱ्या कर्करोगाचे त्याहून कमी. आपल्याकडे पापणीची गाठ तपासताना डोक्यात पहिला संशय तैलग्रंथींचा असायला हवा, तो यामुळे.

पापणीच्या कडेवर, केसांच्या मागे, बारीक छिद्रांची एक रांग असते. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस ग्रंथी असतात, खालच्या पापणीत वीस-तीस. त्यांतून झिरपणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, त्यामुळे डोळा लवकर कोरडा पडत नाही. याच ग्रंथी तुंबल्या की कलेझिऑन होतं आणि याच ग्रंथींमध्ये सेबेशियस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे तैलग्रंथींचा कर्करोगही होतो. दोन्हींची जागा एक, पिवळसर झाक तीच, आणि दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त म्हणून हा कर्करोगही तिथेच जास्त दिसतो.

त्याच्या दोन सवयी त्रासदायक आहेत. एक म्हणजे तो लसिकाग्रंथींमध्ये जातो: आधी कानासमोरच्या, जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठींत, नंतर फुप्फुस किंवा यकृतापर्यंत. दुसरी सवय म्हणजे तो कातडीच्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याच्या वरच्या थरात गुपचूप सरकतो. शेतात हराळी एका जागी उपटली तरी चार हात लांब पुन्हा डोकं वर काढते, तसा हा मुख्य गाठीपासून दूर, मधला भाग चांगला दिसत असतानाही सापडतो. याला पॅजेटॉइड स्प्रेड म्हणतात. पुढे बायोप्सीच्या (तुकडा काढून तपासण्याच्या) आणि ऑपरेशनच्या भागात हा शब्द पुन्हा येईल.

उन्हाचा संबंध बेसल सेल आणि स्क्वेमस सेलशी पक्का आहे. शेतात, बांधकामावर, मासेमारीत आयुष्य गेलेल्यांना ते जास्त होतात. तैलग्रंथींच्या कर्करोगाचं नातं उन्हाशी तितकं स्पष्ट नाही. त्यामुळे आयुष्यभर घरात किंवा कचेरीत बसून काम केलं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

मेलानोमा आणि मर्केल सेल हे आणखी दोन प्रकार. पापणीवर दोन्ही दुर्मिळ, पण झाले तर झपाट्यानं पसरतात. रंग बदलणारा काळा डाग किंवा काही आठवड्यांत वाढलेली लालसर-जांभळी गाठ दिसली तर थांबायचं नाही.

पायरी १: घरी नीट पाहा

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. वयस्कर माणसाला स्वतःला आरशात बारकावे दिसत नाहीत, म्हणून हे काम मुलाने, सुनेने, नातवाने करावं. चष्मा काढून, मोबाइलवर जवळून फोटो घ्यावा आणि दर पंधरा दिवसांनी तशाच उजेडात पुन्हा घ्यावा. गाठ वाढली की नाही हे आठवणीपेक्षा फोटो चांगलं सांगतो.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे गळलेले केस. गाठीवरचे पापणीचे केस विरळ झाले, एका टप्प्यात नाहीसेच झाले, तर हे साध्या कलेझिऑनचं लक्षण नव्हे. कर्करोगाच्या पेशी केसांच्या मुळांत शिरतात तेव्हा असं होतं. पापणीची कड झिजणं, तिला खाच पडणं, तेलग्रंथींची छिद्रं बुजणं किंवा वेडीवाकडी होणं, हेही तसंच.

बेसल सेलची गाठ बहुतेकदा चकचकीत, मोत्यासारख्या कडेची असते. तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि मध्ये खळगा पडून खपली धरते. खपली पडते, थोडं रक्त येतं, जखम भरल्यासारखी वाटते आणि पुन्हा तेच. आपल्या सावळ्या कातडीवर ती पुष्कळदा काळी असते आणि घरच्यांना तीळ वाटते. स्क्वेमस सेलची जागा खरखरीत, खवल्यांची, कधी शिंगासारखी वर आलेली असते. तैलग्रंथींचा कर्करोग पिवळसर, टणक, पापणीच्या आतल्या जाड पट्टीला चिकटलेला जाणवतो.

आणि एक रूप असं की त्यात गाठच नसते. एकाच डोळ्याची पापणी महिनोन्‌महिने लाल, जाड आणि चिकट राहते, डोळे आल्यासारखं वाटतं, थेंब बदलून बदलून माणूस थकतो. अॅलर्जी किंवा कोंड्यामुळे येणारी पापणीची सूज साधारण दोन्ही डोळ्यांना असते. एकाच बाजूची, औषधांना दाद न देणारी सूज तीन महिन्यांवर गेली तर तीही बायोप्सीची बाब आहे. तैलग्रंथींचा कर्करोग याच वेषात सगळ्यात उशिरा पकडला जातो, म्हणून यावर मी एवढा भर देतोय.

नाकाकडच्या कोपऱ्यात गाठ असेल आणि डोळ्यातून रक्ताळ पाणी येत असेल, तर अश्रूपिशवीही गुंतलेली असू शकते. तेव्हा लगेच दाखवा.

घरी काय करू नये, हेही सांगायला हवं. चामखीळ समजून चुना किंवा अॅसिड लावू नका, घोड्याचा केस बांधू नका. पापणीची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडींपैकी आहे आणि खाली लगेच बुबुळ आहे. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून महिनोन्‌महिने लावू नका. त्यानं सूज काही दिवस उतरते, आजार आत चालूच राहतो आणि डोळ्याचा दाब वाढण्याची भीती वेगळीच. शेक द्यायला हरकत नाही. चार-सहा आठवडे शेकूनही गाठ तशीच असेल, किंवा वर सांगितलेली एकही खूण असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

लहान वयातली एक गोष्ट वेगळी. एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर अगदी बालपणापासून दाट काळे ठिपके आहेत, उन्हात डोळे उघडत नाहीत, कातडी कोरडी आहे, तर ते झीरोडर्मा पिगमेंटोसम असू शकतं. हा आनुवंशिक आजार जवळच्या नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. या मुलांना पापणीचे कर्करोग शाळकरी वयातही होतात. त्यांना उन्हापासून पूर्ण जपावं लागतं आणि दर काही महिन्यांनी तपासावं लागतं.

पायरी २: डॉक्टरांना काय सांगायचं

आधी गाठ काढली होती का, किती वेळा, कोणत्या पापणीची, तपासायला पाठवली होती का. हे चार प्रश्न निदानाला फार मदत करतात. जुने कागद हरवले असतील तरी तोंडी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नावं सांगा, पण त्या स्वतःहून बंद करू नका. लहानपणी चेहऱ्याला किंवा डोळ्याला रेडिएशन दिलं होतं का, अवयव रोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, घरात कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही सांगा. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. त्याचं कारण लेखाच्या शेवटी आहे.

तपासणीत स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पापणीची कड पाहतात. वरची पापणी उलटून आतली बाजू पाहिली जाते की नाही, याकडे लक्ष ठेवा. नसेल पाहिली तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, आतून पण बघता का?" तैलग्रंथींच्या आजारात खरी गोष्ट बहुधा आतल्या बाजूलाच असते. नंतर कानासमोर, जबड्याखाली, मानेत बोटांनी चाचपून गाठी आहेत का ते पाहतात. डोळा सगळ्या दिशांना हलतो का, दोन दिसतात का, गालाला किंवा कपाळाला बधिरपणा आहे का, यावरून आजार डोळ्याच्या खोबणीत किंवा नसेच्या वाटेनं आत गेलाय का याचा अंदाज येतो.

पायरी ३: बायोप्सी

पाहून संशय घेता येतो, निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. यात शॉर्टकट नाही.

आपल्याकडे चूक कुठे होते तर कलेझिऑन खरवडल्यावर निघालेला गर कापसाबरोबर कचऱ्यात जातो. तरुण माणसाची पहिली गाठ असेल, नेहमीसारखी असेल, तर ते समजण्यासारखं आहे. वय जास्त असेल, गाठ पुन्हा आली असेल, किंवा खरवडताना नेहमीच्या लिबलिबीत गराऐवजी घट्ट, ठिसूळ, पिवळा तुकडा निघाला, तर तो जपलाच पाहिजे. रुग्णानं किंवा नातेवाइकानं ऑपरेशनच्या आधीच सांगावं की निघेल ते तपासायला पाठवायचं आहे. खर्च ऑपरेशनच्या मानानं किरकोळ असतो.

तुकडा कसा घ्यायचा हे संशयावर ठरतं. छोटी, स्पष्ट कडेची गाठ पूर्ण काढूनच पाठवता येते. मोठ्या गाठीचा एक भाग घेतात, आणि त्यात कडेची चांगली कातडीही थोडी यावी, म्हणजे आजार कुठे सुरू होतो ते दिसतं. तैलग्रंथींचा संशय असेल तर वरवरचा पापुद्रा काढून भागत नाही. ग्रंथी पापणीच्या जाड पट्टीत असतात, म्हणून तिथपर्यंत खोल, बहुधा पूर्ण जाडीचा तुकडा लागतो. पॅजेटॉइड स्प्रेडची शक्यता असेल तेव्हा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या पडद्याचे ठरावीक जागांवरून बारीक तुकडे घेतात, याला मॅप बायोप्सी म्हणतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, जागेचं नाव लिहून.

बाटलीत फॉर्मॅलिन हवं. सलाइनमध्ये किंवा नुसत्या कापसात गुंडाळून पाठवलेला तुकडा वाया जातो. तपासणीच्या कागदावर फक्त "पापणीची गाठ" असं न लिहिता "पुन्हा आलेलं कलेझिऑन, तैलग्रंथींच्या कर्करोगाचा संशय" असं लिहिलेलं असावं. कारण हा आजार सूक्ष्मदर्शकाखालीही स्क्वेमस सेल किंवा बेसल सेलसारखा दिसून फसवू शकतो. संशय कळला तर पॅथॉलॉजिस्ट अॅडिपोफिलिनसारखे विशेष रंग वापरून पेशीतलं तेल शोधतात. तेल थेट रंगवणारी जुनी पद्धतही आहे, पण तिला ताजा तुकडा लागतो, कारण नेहमीच्या प्रक्रियेतल्या अल्कोहोलमध्ये तेल विरघळून जातं.

"सुरी लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगाव ऐकायला येते. बायोप्सीमुळे पापणीचा कर्करोग पसरत नाही. तो पसरतो तो बायोप्सी लांबवल्यामुळे. इंजेक्शनाने जागा बधिर करतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, एखाद-दुसरा टाका पडतो आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. इंजेक्शन टोचताना आग होते, ती मात्र होते.

पायरी ४: रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टमध्ये आजाराचं नाव असतंच, पण पुढच्या उपचारासाठी आणखी काही शब्द शोधा. पेशी किती विकृत आहेत, म्हणजे वेल, मॉडरेट की पूअरली डिफरन्शिएटेड. पूअर असेल तर आजार आक्रमक. पेरिन्यूरल इन्व्हेजन म्हणजे नसांभोवती शिरकाव. पॅजेटॉइड स्प्रेड आहे की नाही. आणि गाठ पूर्ण काढलेली असेल तर मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेवर आजाराच्या पेशी आहेत का. "मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड" लिहिलं असेल तर काम अपुरं राहिलं आहे आणि पुन्हा ऑपरेशन लागेल. जखम वरून कितीही छान भरली तरी यात फरक पडत नाही.

लॅबमधून काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात गेलात की तिथले पॅथॉलॉजिस्ट तेच पुन्हा तपासतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो. ते तुमचेच आहेत, सही करून मिळतात. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

पायरी ५: आजार कुठवर पोचला

गाठीची सगळ्यात लांब बाजू मिलिमीटरमध्ये मोजतात. १० मि.मी.पर्यंत पहिली पायरी, २० पर्यंत दुसरी, ३० पर्यंत तिसरी. आकार कितीही असो, डोळा, खोबण, नाकाची पोकळी किंवा चेहऱ्याच्या हाडात आजार शिरला तर चौथी. शिवाय पापणीची कड आणि जाड पट्टी गुंतली आहे का, आणि आजार पूर्ण जाडीतून आरपार आहे का, हेही नोंदवतात.

लहान, स्पष्ट बेसल सेल गाठीला सहसा स्कॅनची गरज नसते. आजार खोल वाटत असेल तर खोबणीचा सीटी किंवा एमआरआय करतात. तैलग्रंथी, स्क्वेमस, मेलानोमा आणि मर्केल यांच्यात मानेच्या गाठींची सोनोग्राफी, आणि आजार मोठा असेल तर पेट-सीटी, म्हणजे शरीरात कर्करोग कुठे पसरलाय ते शोधणारा स्कॅन. मानेत गाठ लागली तर सुईनं पेशी काढून तपासतात. गाठ हाताला लागत नसली तरी मोठ्या आजारात काही केंद्रांत सेंटिनेल नोड बायोप्सी करतात, म्हणजे पापणीचा लसिकाप्रवाह सर्वात आधी ज्या गाठीत जातो, तीच हेरून तपासतात.

पायरी ६: कुणाकडे जायचं, खर्चाचं काय

मोतीबिंदू उत्तम करणारे डॉक्टर हे ऑपरेशन करतीलच असं नाही. यासाठी ऑक्युलोप्लास्टी (पापणीच्या शस्त्रक्रिया) किंवा ऑक्युलर ऑन्कोलॉजीचं (डोळ्याच्या कर्करोगाचं) शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ हवेत, आणि शेजारी पॅथॉलॉजी, रेडिएशन, कर्करोगाचे फिजिशियन असतील तर उत्तम. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्रविभाग, आणि दूर जायची तयारी असेल तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद. सीमाभागातल्या आणि मराठवाड्यातल्या पुष्कळांना हैदराबाद मुंबईइतकंच जवळ पडतं.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. तिथे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी जा, ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी, कारण मंजुरी आधी लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा फॉर्म लागतो. टाटाला येणाऱ्यांच्या राहण्याचा प्रश्न मोठा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे.

पायरी ७: ऑपरेशन

पापणीच्या बहुतेक कर्करोगांचा मुख्य उपचार म्हणजे तो पूर्ण कापून काढणं. दिसणाऱ्या गाठीभोवती चांगली कातडीही काढावी लागते: बेसल सेलसाठी साधारण ३ ते ४ मि.मी., तैलग्रंथी आणि स्क्वेमससाठी ५ मि.मी.च्या आसपास. वरच्या पापणीची लांबीच सुमारे ३० मि.मी. असते, त्यामुळे ८ मि.मी.ची गाठ काढताना दोन्हीकडे ५ धरले तर अर्ध्याहून अधिक पापणी जाते. हे आकडे रुग्णाला आधी कळले पाहिजेत. गाठ एवढीशी आणि जखम एवढी मोठी का, या धक्क्यानं नातेवाईक गोंधळतात.

कड स्वच्छ झाली की नाही हे टेबलावरच कळावं म्हणून फ्रोझन सेक्शन करतात. कापलेल्या कडा गोठवून, त्यांचे काप काढून पॅथॉलॉजिस्ट लगेच पाहतात. प्रत्येक फेरीला वीस-तीस मिनिटं लागतात. आजार दिसला तर त्या बाजूनं आणखी कापतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात फ्रेडरिक मोह्‌स यांनी थरामागून थर काढून त्याची पूर्ण कड तपासण्याची पद्धत सुरू केली. बेसल सेलसाठी ती सर्वोत्तम मानतात, पण ती करणारे सर्जन भारतात मोजकेच आहेत, म्हणून आपल्याकडे भिस्त फ्रोझन सेक्शनवर आहे. त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे: पॅजेटॉइड पेशी गोठवलेल्या कापात निसटू शकतात. म्हणून काही सर्जन तैलग्रंथींच्या आजारात पक्का रिपोर्ट येईपर्यंत काही दिवस जखम झाकून ठेवतात आणि मगच पापणी बांधतात. अशा वेळी "अर्धवट ऑपरेशन केलं" असं वाटून घेऊ नये. मला तर आजार नक्की गेल्यावर बांधलेली पापणी जास्त विश्वासाची वाटते.

आजार खोबणीत पसरला असेल तर डोळ्यासकट खोबणीतला सगळा भाग काढावा लागतो. हा निर्णय कुणीही सहज घेत नाही. जीव वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच तो येतो. घरच्यांनी सर्जनसोबत बसून, स्कॅन समोर ठेवून, एकदा नाही तर दोनदा बोलावं, दुसऱ्या केंद्राचं मत घ्यावं. नंतर कृत्रिम डोळा आणि पापणी असलेला मुखवटा चष्म्याला लावून देता येतो.

पायरी ८: पापणी पुन्हा उभी करणं

पापणी मिटली नाही तर बुबुळ कोरडं पडून पांढरं होतं, नजर जाते. म्हणून पुनर्रचना ही नुसती सौंदर्याची बाब नाही, नजरेची आहे.

पापणीचा पाव ते एक तृतीयांश भाग गेला असेल तर दोन्ही कडा सरळ जोडता येतात. म्हाताऱ्या माणसाची पापणी सैल असते, तिथे थोडं अधिकही जुळतं. अर्ध्यापर्यंत गेली असेल तर बाहेरच्या कोपऱ्यातून कानाच्या दिशेनं अर्धवर्तुळाकार कातडी सरकवतात. ही टेन्झेल यांनी १९७५ साली मांडलेली पद्धत. त्याहून मोठी खालची पापणी गेली तर ह्यूजेस पद्धत वापरतात, जी १९३७ पासून चालत आली आहे: वरच्या पापणीच्या आतला पडदा आणि पट्टीचा भाग खाली ओढून शिवतात, वर कातडी लावतात आणि साधारण चार-सहा आठवड्यांनी तो पूल कापतात. वरच्या पापणीसाठी उलट, खालच्या पापणीतून पूर्ण जाडीचा भाग वर नेतात, ती कटलर-बिअर्ड पद्धत.

दोन्हींत तोपर्यंत तो डोळा बंद असतो. दुसऱ्या डोळ्याला दिसत नसेल तर रुग्ण एवढे आठवडे आंधळा होतो. हे सर्जनला आधीच ठासून सांगा, म्हणजे डोळा उघडा ठेवणारी दुसरी पद्धत निवडता येते.

नाकाकडच्या कोपऱ्यात मोठा खड्डा असेल तर कपाळाची कातडी वळवून खाली आणतात. या तंत्राला आपल्या मातीत मोठा इतिहास आहे. १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिननं कावसजी नावाच्या एका मराठी गाडीवानाची हकीकत चित्रासह छापली होती. टिपूशी झालेल्या लढाईत त्याचं नाक कापलं गेलं होतं आणि पुण्याजवळच्या एका देशी कारागिरानं कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक बनवून दिलं होतं. ते वाचून युरोपातल्या सर्जनांनी हे काम हाती घेतलं. कपाळाची कातडी देठासकट वळवायची, म्हणजे तिचं रक्त चालू राहतं, ही युक्ती आजही तीच आहे.

पायरी ९: इतर उपचार केव्हा

रेडिएशन मुख्यतः ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी, किंवा नसांभोवती शिरकाव, मानेतल्या गाठी असतील तेव्हा ऑपरेशननंतर देतात. त्यानं डोळा कोरडा पडतो, केस जातात, पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. वरच्या पापणीला रेडिएशन देताना बुबुळ खास जपावं लागतं.

पडद्यावर पसरलेल्या पॅजेटॉइड आजारासाठी मायटोमायसिनचे थेंब देतात, बहुधा एक आठवडा चालू, एक आठवडा बंद अशा फेऱ्यांत, किंवा त्या जागी अतिशीत उपचार, म्हणजे क्रायो. मायटोमायसिन हे केमोचं औषध आहे. घालणाऱ्यानं हातमोजे घालावेत, ओघळलेला थेंब लगेच पुसावा, गरोदर बाईनं ते हाताळू नये. पापणीतल्या खोल गाठीवर हे थेंब चालत नाहीत.

तैलग्रंथींची गाठ फार मोठी असेल तर काही भारतीय केंद्रांत आधी प्लॅटिनम आणि फ्लुरोयुरॅसिलची केमो देऊन ती लहान करतात, मग कापतात. बेसल सेल खूप पसरला असेल तर व्हिस्मोडेगिबच्या गोळ्या आहेत. अमेरिकेत त्यांना २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पायात गोळे येणं, चव जाणं, केस गळणं हे त्रास जवळजवळ सगळ्यांना होतात आणि गर्भावर परिणाम गंभीर असतो. पसरलेल्या स्क्वेमससाठी सेमिप्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन २०१८ पासून आहे, पण ते महाग आहे.

पायरी १०: घरी आल्यावर आणि पुढची वर्षं

पहिले दोन दिवस थंड शेक, उशी उंच, वाकून काम नको. कातडीचे टाके साधारण आठवड्यानं निघतात, पापणीच्या कडेचे थोडे उशिरा, दहा-चौदा दिवसांनी. मलम डॉक्टर सांगतील तितकंच. डोळ्यात खुपणं, लाली, नजर धुरकट होणं असं काही झालं तर तारखेची वाट न पाहता जा, कारण टाका किंवा वळलेला केस बुबुळाला घासत असू शकतो. झोपेत पापणी उघडी राहते का हे घरच्यांनी रात्री पाहावं. राहत असेल तर झोपताना जाड मलम लागतं.

पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि तैलग्रंथींच्या आजारात पुढेही वर्षातून एकदा तपासणी ठेवा. प्रत्येक वेळी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या जाव्यात आणि मान चाचपली जावी. मधल्या काळात महिन्यातून एकदा घरीच कानासमोर आणि जबड्याखाली बोटं फिरवून पाहा. नवी टणक गाठ लागली, जखमेच्या जागी पुन्हा जाडसरपणा आला, एकाच डोळ्याला पुन्हा चिकट लाली आली, तर फोटो काढा आणि तारीख पुढे ढकलू नका.

आता आतड्याच्या कर्करोगाचा प्रश्न. तैलग्रंथींच्या काही थोड्या रुग्णांत म्युअर-टॉर्रे नावाची आनुवंशिक अवस्था असते. पेशीतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकं सदोष असल्यानं त्या घराण्यात मोठ्या आतड्याचे, गर्भाशयाचे कर्करोग कमी वयात होतात. रुग्ण तरुण असेल, त्याच्या अंगावर इतरत्र तैलग्रंथींच्या गाठी असतील किंवा घरात तसे आजार झाले असतील, तर काढलेल्या गाठीवरच त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांची चाचणी करायला सांगा आणि कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. चाचणीत दोष आढळला तर भावंडांना आणि मुलांनाही जनुकतज्ज्ञांकडे न्या. त्यासाठी तो मेणाचा ब्लॉक पुन्हा लागेल, म्हणून टाकून देऊ नका.